सरकारी फी सरकारलाच भरा!

अमेरिकेतल्या तमाम मराठी मंडळींना जाहीर विनंती

ग्लोबल एंट्रीची किंवा टीएसए प्रीचेकची पाच वर्षांची मुदत संपत आली, की भली शिकलीसवरलेली माणसंही फोनवर ‘रिन्यूअल’ असं टाइप करतात आणि पहिलं जे दिसेल त्यावर बोट ठेवतात. ते पहिलं म्हणजे सरकारच असेल असं नाही. पुष्कळदा ती कुणीतरी पैसे मोजून वर चढवलेली जाहिरात असते.

फसलेल्याला हसू नका. आधी जाब विचारायचा तो सरकारी सेवेच्या नावावरची सगळ्यात वरची जागा भाड्याने देणाऱ्यांना. चोराला दाराशी ओटा द्यायचा आणि वर गिऱ्हाइकालाच सुनवायचं, पाटी नीट वाचायची होती! सरकारही यातून सुटत नाही. ग्लोबल एंट्री, नेक्सस, सेंट्री एका खात्याकडे, प्रीचेक दुसऱ्याकडे. त्यातही प्रीचेकची नोंदणी खासगी कंपन्यांकडे आणि प्रत्येकीची फी निराळी. सामान्य माणसाने लक्षात तरी काय काय ठेवायचं? या गोंधळातच लबाडांचं फावतं.

त्यांची साइट एकदा नीट बघा. वर झेंडा, शेजारी गरुडाची मुद्रा, मधोमध ‘आत्ताच नूतनीकरण करा’ असं ठसठशीत बटण. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, पत्ता, शेवटी कार्ड. आणि पार तळाशी, डोळे ताणून वाचावं लागेल अशा फिक्या करड्या अक्षरांत एक ओळ: आमचा सरकारशी संबंध नाही. काही जण पैसे घेऊन गडप होतात. काही जण अर्ज खरोखर भरून देतात, पण आपण घरबसल्या भरू शकतो त्याच अर्जासाठी वर ‘सेवाशुल्क’ उकळतात. आम्हाला हे दुसरे जास्त खुपतात, कारण ते उजळ माथ्याने फिरतात. पैसे एक वेळ परत मिळतील. पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारीख एकदा गेली की गेली.

आता खरं काय ते ऐका. ग्लोबल एंट्रीची फी 1 ऑक्टोबर 2024 पासून 120 डॉलर आहे. आई किंवा वडील सदस्य असतील, तर 18 वर्षांखालच्या मुलांना एक सेंटही पडत नाही. अर्ज फक्त टीटीपी डॉट डीएचएस डॉट जीओव्हीवर, लॉगिन डॉट जीओव्हीच्या खात्यातून. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून तो करता येतो आणि मुदतीत केला, तर निकाल लागेपर्यंत सवलत 24 महिन्यांपर्यंत चालू राहते. तेव्हा ‘आज रात्री सदस्यत्व रद्द होणार’ ही ईमेलमधली धमकी सरळ कचऱ्यात टाका. ग्लोबल एंट्रीत प्रीचेक येतंच. त्याचे वेगळे पैसे कशाला भरता?

नुसतं प्रीचेक असेल तर टीएसए डॉट जीओव्हीवरूनच सुरुवात करा. नूतनीकरणाचे पैसे ऑनलाइन भरता येतात. पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्याने मात्र ते केंद्रावर जाऊन भरायचे असतात. प्रीचेकसाठी शंभराच्या वर आकडा दिसला, की पान बंद करा.

पत्त्यात कुठेतरी ‘जीओव्ही’ दिसलं म्हणून भुलू नका. ‘जीओव्ही’ असा तुकडा घुसवून पुढे ‘डॉट कॉम’ लावणं कुणालाही जमतं. साइटचं नाव डॉट जीओव्हीवरच संपलं पाहिजे, त्यानंतर आली तर तिरकी रेघच. गिफ्ट कार्डाने किंवा झेलने पैसे मागणारा तर चोरच. तिथे पत्ता वाचत बसायचीही गरज नाही.

फसलाच असाल, तर लाजून गप्प बसू नका. कार्ड कंपनीला फोन करून व्यवहारावर हरकत घ्या. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्हींकडे क्रेडिट गोठवा. ते फुकट आहे. रिपोर्टफ्रॉड डॉट एफटीसी डॉट जीओव्हीवर तक्रार नोंदवा.

आणि मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कुणी विचारलं, तर कृपा करून लिंक फॉरवर्ड करू नका. साइटचं नाव सांगा आणि ज्याचं त्याला टाइप करू द्या.