उघड्या माळावरचा मुक्काम



मागच्या महिन्यात रविवारची वंदना आटोपल्यावर आमच्या वस्तीतल्या एक ताई विहारात आमच्याजवळ येऊन बसल्या. त्यांचा मुलगा समाजकल्याणच्या परदेशी शिष्यवृत्तीवर इंग्लंडात एक्सेटरला शिकतो. त्याने फोनवर सांगितले होते की सुट्टीत सायकलला तंबू बांधून डार्टमूर नावाच्या माळावर जाणार आणि दोन रात्री तिथेच काढणार. ताईंचा चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "भाऊ, माझा बाप बहात्तरच्या दुष्काळात मुंबईला आला तवा चार महिने फुटपाथवर निजला. पोराला एवढं शिकवलं ते पुन्हा उघड्यावर निजायला का?" मग आवाज बारीक करून, "आन् जागा कुणाची हाय ती? त्यानं विचारलंय का कुणाला? पोलिसांनी धरलं तर शिष्यवृत्ती जाईल की."

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आम्हालाही त्या दिवशी उत्तर देता आले नाही. मग मुलाशी दोन-तीन वेळा फोनवर बोललो, त्याने पाठवलेला नकाशा पाहिला, थोडे वाचले. आपल्या समाजाची मुले आता तिकडे शिकायला जातात, त्यांच्या घरच्यांना उपयोग होईल म्हणून हे लिहीत आहोत.

डार्टमूर हे इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडे, डेव्हन परगण्यात आहे. १९५१ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. आकार सुमारे ९५० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरे मिळून होतील त्याच्या दीडपट. पण उद्यान म्हणजे बाग नव्हे. उंचावरचा उजाड माळ, झाडे तुरळक, जागोजाग ग्रॅनाइटच्या कातळांचे ढीग, त्यांना तिकडे 'टॉर' म्हणतात. मेंढ्या, गुरे आणि ठेंगणी घोडी मोकळी चरतात. शेरलॉक होम्सची कुत्र्याची गोष्ट ज्यांनी वाचली असेल त्यांना हा माळ माहीत आहे. धुके, दलदल, तुरुंग, सगळे तिथले. तो तुरुंग प्रिन्सटाउन गावात आहे.

आता जागा कुणाची? तर बहुतेक जमीन खाजगी मालकीची आहे. ऐकून ताई दचकल्याच. पण या माळाचा मोठा भाग 'कॉमन' आहे, म्हणजे मालक एक आणि चराईचा हक्क गावकऱ्यांचा. १९८५ साली पार्लमेंटने डार्टमूरच्या कॉमनसाठी कायदा केला आणि मोकळ्या हवेतल्या विरंगुळ्यासाठी तिथे पायी किंवा घोड्यावरून जाण्याचा हक्क सर्वांना दिला. लोक तंबू लावून राहत होते, कुणाची हरकत नव्हती. मग दक्षिणेकडच्या एका मोठ्या जमिनीचे मालक कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे, चालणे हा विरंगुळा, झोपणे हा नव्हे. तंबूवाल्यांमुळे आगीची भीती आहे, गुरांना त्रास आहे. जानेवारी २०२३ मध्ये हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आठवडाभरात तीन हजारांच्या आसपास माणसे त्याच माळावर चालत गेली. जुलै २०२३ मध्ये अपील कोर्टाने निकाल फिरवला आणि २१ मे २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितले की मुक्कामसुद्धा त्या हक्कात येतो. पायी किंवा घोड्यावरून हे शब्द कसे जायचे ते सांगतात. तिथे जाऊन झोपायचे नाही असे ते म्हणत नाहीत.

आमच्या वाचकांना इथे महाड आठवल्याशिवाय राहणार नाही. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेने तो १९२४ साली उचलला, आणि तरी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. पुढे तळे खाजगी की सार्वजनिक, वहिवाट प्राचीन की बनावट, यावर खटला चालला आणि १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात बाबासाहेबांच्या बाजूने निकाल लागला. डार्टमूरची आणि महाडची बरोबरी आम्ही करीत नाही. तिथे कुणाला जन्मावरून हाकलले नव्हते. पण कागदावरचा हक्क कोर्टाच्या दारात नेऊन शब्दाशब्दाचा कीस कसा पाडतात, हे आपल्याला नव्याने शिकायला नको.

तेव्हा ताईंना सांगितले, तुमच्या मुलाने कुणाला विचारायचे नाही. फक्त आपण कुठे आहोत हे त्याला माहीत हवे. कारण हा हक्क सगळ्या डार्टमूरला नाही आणि इंग्लंडातल्या इतर माळांना तर नाहीच. इतरत्र मालकाची परवानगी लागते. नसेल तर साधारणपणे तो दिवाणी मामला ठरतो, फौजदारी नव्हे. मालकाने जा म्हटले की तंबू गुंडाळून निघावे. मँचेस्टरजवळच्या किंडर स्काउट माळावर २४ एप्रिल १९३२ रोजी चारशेच्या आसपास कामगार पोरे नुसती चालत गेली, तर पाच जणांना तुरुंगवास झाला. तो माळ श्रीमंतांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेला होता. गिरण्यांच्या शहरातली पोरे, आठवड्यातून एक रविवार मोकळा. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन विशीतला होता. स्टेशनावर पोलीस असणार म्हणून तो सायकलने गेला. आज त्या माळावर चालायला कुणी अडवत नाही, पण तंबूचा हक्क तिथे अजून नाही.

सायकलचीही एक मेख आहे. कायदा पायी आणि घोड्यावरून म्हणतो, त्यात सायकल नाही. मोकळ्या कॉमनवर सायकल चालवायची नाही. घोडवाटांवर मात्र १९६८ च्या कायद्याने सायकलला मुभा आहे. वाटेत पायी माणूस किंवा घोडेस्वार आला तर आपण थांबायचे. तिकडच्या सरकारी नकाशावर घोडवाट लांब लांब हिरव्या तुकड्यांनी आणि पायवाट आखूड तुकड्यांनी दाखवतात. जुन्या रेल्वेच्या वाटाही आहेत. प्रिन्सटाउनची लाइन १९५६ साली बंद पडली, तिच्यावरून आता सायकली जातात. त्याच वाटेवर स्वेलटॉरच्या खाणीपाशी लंडन ब्रिजसाठी घडवलेले आणि तसेच राहून गेलेले दगड पडले आहेत. मुलाने त्यांचा फोटो पाठवला. घडाई इतकी सुबक की आमच्या वस्तीतले एक वडार बाबा बराच वेळ पाहत राहिले.

तर जागा घरी बसूनच निम्मी शोधायची. उद्यानाच्या प्राधिकरणाचा मुक्कामाचा नकाशा आहे, त्यात कुठे तंबू चालतो ते रंगवून दाखवले आहे. तो आधी पाहायचा. मग मोठ्या नकाशावर घोडवाट धरून जायचे, आणि जिथे उंचीच्या रेषा एकमेकींपासून लांब आहेत, म्हणजे जमीन सपाट आहे, अशा दोन-तीन जागांवर खूण करायची. एकच जागा ठरवून निघू नये. रस्त्यापासून निदान १०० मीटर लांब. दगडी कुंपणाच्या आत नाही. एका जागी दोन रात्रींच्या वर नाही. माळावर जुन्या काळच्या दगडांची वर्तुळे आहेत, त्यांत तंबू लावायचा नाही आणि खुंटी ठोकायला तिथला दगड उचलायचा नाही. उत्तरेकडे लष्कराचे गोळीबाराचे मैदान आहे. गोळीबार असेल त्या दिवशी लाल निशाण, रात्री लाल दिवा. वेळापत्रक आधी छापतात. तिथे पडलेला धातूचा तुकडा लाथेनेसुद्धा हलवू नये.

इतके करूनही पहिल्या रात्री मुलगा फसलाच. संध्याकाळी ओढ्याच्या काठी हिरवागार, सपाट, गादीसारखा तुकडा दिसला. त्याला वाटले यापरते काय हवे! ती गादी म्हणजे शेवाळ होते आणि खाली पाणी. मध्यरात्री पाठीखालून ओल वर आली. उठून टॉर्चच्या उजेडात तंबू शंभर पावले वर नेला. माळावर हिरवे आणि मऊ दिसेल ते ओलेच समजावे. पांढऱ्या कापसासारखे तुरे किंवा लव्हाळे दिसले तर तिथून हलावे. मेंढ्यांनी आखूड कुरतडलेले गवत असेल ती जमीन बहुधा कोरडी. प्रिन्सटाउनला वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याच्या दुपटीहून जास्त, आणि तो बारा महिने वाटून पडतो. वारा बहुतेक नैर्ऋत्येचा, म्हणून टॉरच्या ईशान्य बाजूला आडोसा मिळतो. अगदी माथ्यावरही नको आणि तळाशी ओढ्यापाशीही नको. रात्री गार हवा खाली उतरून तिथेच साठते.

हे ताईंना सांगत होतो तर त्या मधेच म्हणाल्या, "त्यात काय नवल? ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात नळाजवळ पथारी टाकतो का आपण? चिखल होतो. येण्याजाण्याच्या वाटेत टाकतो का? लोक तुडवतात." आम्ही गप्पच झालो. चाळीस वर्षे दादरला मुक्काम करणाऱ्या बाईला जागा कशी पाहावी हे आम्ही शिकवत होतो.

बाकीचे थोडक्यात. शेकोटी पेटवायची नाही, तिथली काळी माती वाळली की जमिनीच्या आतून धुमसते. लहान गॅसची चूल चालते, तीही नीट पाहून. ओढ्याचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी उकळून प्यावे, वर कुठे मेंढी मरून पडलेली असते. परसाकडे ओढ्यापासून लांब, वीतभर खड्डा करून. नेच्याच्या झुडपांत गोचीड असतात आणि त्यांच्यामुळे लाइम नावाचा ताप येतो, म्हणून झोपण्यापूर्वी पाय, काखा, गुडघ्यामागे पाहावे. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावे. नंतर लालसर गोल चट्टा वाढत गेला तर डॉक्टरकडे जावे. जूनमध्ये तिकडे साडेनऊला सूर्य मावळतो आणि पाचच्या सुमारास उगवतो. उशिरा तंबू लावावा, लवकर काढावा.

राहिला पहिला प्रश्न. अंगुत्तर निकायात हत्थक आळवकाची कथा आहे. हिवाळ्याची रात्र, गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली जमीन, पानांचे पातळ अंथरूण. तथागतांना तो विचारतो, झोप नीट लागली का? तथागत होय म्हणतात, आणि मऊ गादीवरच्या माणसाची झोप कशाने उडते ते त्याला समजावतात. हे आम्ही ताईंना सांगितले. त्यांनी हात जोडले, पण त्यांचे समाधान झाले नाही, आणि ते बरोबरच होते. तथागतांनी ती जागा स्वतः निवडली होती, ताईंच्या वडिलांनी फुटपाथ निवडला नव्हता. दुसऱ्या सकाळी मुलाचा फोन आला तेव्हा त्याने हे आमच्याहून सोपे करून सांगितले. "आई, आजोबांना रात्री कुणीतरी उठवायचं ना? मला कुणी उठवलं नाही. सकाळी एक मेंढपाळ आला, गुड मॉर्निंग म्हणून गेला."

ताई थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग विचारले, "जेवलास काय?"

पुढच्या सुट्टीत त्याचा बेत स्कॉटलंडचा आहे. तिथे २००३ च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर सायकलचा आणि तंबूचा, दोन्हींचा हक्क आहे. फक्त लॉक लोमंड भागात काही ठिकाणी मार्च ते सप्टेंबर तंबूला परवाना लागतो. तिथला खरा त्रास मिज नावाच्या चिलटांचा. वारा पडला की ढगासारखी येतात, म्हणून जागा थोड्या वाऱ्याची पाहावी. ताई त्याच्यासाठी कडुलिंबाचे तेल पाठवणार आहेत. चिलटांना ते चालते की नाही, मुलाने कळवले की लिहू.