कमी मार्कांत आयआयटी?

“मुलींना कमी मार्कांत आयआयटी मिळते.” आमच्या हाउसमध्ये प्रेपच्या वेळी हा विषय निघाला की वाद मेसपर्यंत जातो. बारावीचे सीनियर तर फारच चिडून बोलतात. माझं मत वेगळं आहे, ते इथे मांडतो.

आधी नियम पाहू. आयआयटीत मुलींचं प्रमाण १० टक्क्यांच्या आसपासच रेंगाळत होतं, म्हणून २०१८ पासून त्यांच्यासाठी वाढीव जागा काढल्या. त्या वर्षी लक्ष्य होतं १४ टक्के, २०१९ ला १७ आणि २०२० ला २०. या जागा मुलांच्या जागांतून कापलेल्या नाहीत, वर भर घातलेल्या आहेत. जेईई अॅडव्हान्स्ड मुलींनाही पास व्हावीच लागते. पेपर तोच, पात्रतेची रेषाही तीच.

रँकमध्ये फरक पडतो, हे खरं. आयआयटी मुंबईचं कम्प्युटर सायन्स खुल्या गटात पहिल्या शंभरातच भरून जातं. मुलींच्या जागा त्यापुढे काहीशे रँकपर्यंत जातात. थोडक्यात हुकलेला मुलगा हळहळणारच. पण २०२४ मध्ये ही परीक्षा सुमारे १ लाख ८० हजार जणांनी दिली. एवढ्यांत तीनशेवी आलेली मुलगी ‘कमी मार्कांची’ कशी? आपल्यापैकी किती जण त्या रँकच्या जवळपास जातील, असं मी विचारलं तेव्हा कोणी बोललं नाही.

मला पडलेला प्रश्न निराळाच आहे. बारावीच्या बोर्डात दर वर्षी मुली पुढे असतात, मग जेईईतच मागे का? डोकं तर तेच! बोर्डाचा अभ्यास घरी बसून होतो. जेईईला दोन वर्षं क्लास लागतो, आणि चांगला क्लास बहुतेकदा दुसऱ्या गावात असतो.

आमचं घर म्हैसूरला. मी दहा वर्षांचा असताना माझी ट्रंक भरली आणि मला होस्टेलवर सोडलं. सगळ्यांना अभिमान! ताई दहावीला शाळेत पहिली आली. तिला बंगळूरच्या क्लासला जायचं होतं, जेमतेम दीडशे किलोमीटर. घरात आठवडाभर चर्चा चालली. आजी म्हणाली, “एकटी पोर कुठे राहणार?” बाबांनी खर्चाचा हिशोब मांडला, माझ्या फीचा असा हिशोब झालेला मला आठवत नाही. शेवटी ताईने घरीच ऑनलाइन क्लास केला, घरकाम सांभाळून. तिची रँक आली ती या सगळ्यासकट. क्लासच्या होस्टेलात राहिलेल्या मुलाची रँकही त्या होस्टेलसकट असते, पण कागदावर दोन्ही नुसते आकडे.

आपल्याच क्षेत्रातलं पाहा. एनडीएची परीक्षा मुलींना पहिल्यांदा नोव्हेंबर २०२१ मध्ये देता आली. लेखी परीक्षेत सुमारे १००० मुली पास झाल्या आणि जागा होत्या १९. या आकड्यावरून आमच्या हाउसमध्ये कधी वाद झालेला मी ऐकला नाही.

वाढीव जागांनी सगळं सुटतं असं मी म्हणत नाही. ज्या मुलींना घरच्यांनी क्लासला पाठवलं, त्यांनाच त्यांचा जास्त उपयोग होत असणार. दहावीनंतर दोन वर्षं राहायला मुलींसाठी स्वस्त आणि सुरक्षित होस्टेलं हवीत, त्यावर सरकारने पैसे घालावेत. पण तोवर या जागा काढून टाका म्हणणाऱ्यांशी मी भांडणार.

ताई आता म्हैसूरच्याच एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकते. माझी चुलत बहीण नववीत आहे, गणितात माझ्याहून कितीतरी हुशार. पुढच्या वर्षी घरात तिची चर्चा सुरू होईल. दिवाळीच्या सुट्टीत मी आधी आजीशी बोलणार आहे.