फॉरमॅट मारण्याआधी स्वतःला विचारा: सॉफ्टवेअरची ‘की’ कुणाकडे आहे?

‘फॉरमॅट मारावा लागेल. डेटा काढून ठेवलाय ना?’ कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात हा प्रश्न हमखास विचारला जातो. आपणही फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, बँकेची कागदपत्रं पेन ड्राइव्हवर घेतो आणि निर्धास्त होतो. ‘सॉफ्टवेअरची की आहे ना?’ असं मात्र कुणी विचारत नाही. हा प्रश्न पडतो कॉम्प्युटर घरी आल्यावर. पैसे मोजून घेतलेलं ऑफिस सुरू होत नाही, मुदत शिल्लक असलेला अँटिव्हायरस की मागतो. मग इंजिनीअरिंग केलेल्या भाच्याला किंवा पुतण्याला फोन जातो. असे फोन मलाही येतात आणि बहुतेक वेळा ते उशिरा आलेले असतात.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर नवा कॉम्प्युटर घ्यायचा की आहे त्यावरच विंडोज ११ टाकायचं, हा विचार अनेक घरांत सुरू आहे. म्हणून हे आत्ताच समजून घ्यायला हवं. माझ्या मते की जपणं हे तांत्रिक काम नाही. घराची कागदपत्रं जपण्यासारखंच ते आहे. त्याचा नियम एकच: की ज्या कॉम्प्युटरसाठी आहे, त्याच्या बाहेर तिची एक प्रत हवी आणि ती घरातल्या माणसांच्या हातात हवी.

की असते तरी कुठे?

विंडोजची प्रॉडक्ट की २५ अक्षरांची असते, पाच-पाच अक्षरांचे पाच गट. विंडोज ७ च्या काळात ती लॅपटॉपच्या पाठीवर किंवा सीपीयूच्या डब्यावर स्टिकरवर छापलेली असायची. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि कंपनीतूनच विंडोज बसवून येणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये ही की थेट मदरबोर्डवरच्या चिपमध्ये जाऊन बसली. २०१५ मध्ये विंडोज १० सोबत डिजिटल लायसन्स आलं. यात ग्राहकाच्या हातात २५ अक्षरं असायलाच हवीत असं नाही. तुमच्या हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदलेली असते.

याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. अशा लॅपटॉपवर फॉरमॅटनंतर विंडोजची तीच आवृत्ती, म्हणजे होम असेल तर होमच, टाकली तर लायसन्सचे पैसे पुन्हा द्यावे लागत नाहीत. मदरबोर्ड बदलला तर मात्र अडचण येऊ शकते. कॉम्प्युटरसोबत आलेलं ओईएम लायसन्स त्याच मशीनशी बांधलेलं असतं. वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स दुसऱ्या मशीनवर नेता येतं.

‘की शोधून देणारं सॉफ्टवेअर आहे की!’

हा सल्ला सर्रास दिला जातो. पण डिजिटल लायसन्स असलेल्या कॉम्प्युटरवर अशी सॉफ्टवेअर अनेकदा जी की दाखवतात ती जेनेरिक असते. म्हणजे त्या आवृत्तीच्या असंख्य कॉम्प्युटरवर तीच. ती वहीत लिहून काही उपयोग नाही. ऑफिस २०१३ आणि त्यानंतरच्या आवृत्त्या तर कॉम्प्युटरवर कीची फक्त शेवटची पाच अक्षरं ठेवतात. उरलेली वीस कुठलंही सॉफ्टवेअर शोधून देऊ शकत नाही. शिवाय अनोळखी साइटवरून असं काही डाउनलोड करणं म्हणजे चोराला स्वतःहून दार उघडून देणं.

आता ईमेल आयडी हीच की

ऑफिसचं कार्ड घेतलं की त्यावरचा २५ अक्षरांचा कोड एकदाच वापरायचा असतो. तो एखाद्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडला गेला की त्याचं काम संपलं. पुढच्या वेळी इन्स्टॉल करताना त्या अकाउंटनेच साइन इन करावं लागतं. मग प्रश्न उरतो: ते अकाउंट कुणाचं?

गोची इथेच होते. घाईत दुकानदाराने स्वतःचाच ईमेल आयडी टाकलेला असतो. किंवा मुलीचा कॉलेजचा आयडी दिलेला असतो, जो कॉलेज संपल्यावर बंद होऊ शकतो. किंवा अकाउंटला जोडलेला मोबाइल नंबर बदललेला असतो आणि ओटीपी भलत्याच्याच फोनवर जातो. बिल तुमच्या नावाचं, पण सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या ताब्यात.

प्रत्येक सॉफ्टवेअरची तऱ्हा वेगळी. घरी हिशेबाची कामं करणाऱ्यांच्या टॅलीमध्ये लायसन्स ‘सरेंडर’ करण्याची सोय आहे, आणि ते फॉरमॅटच्या आधी करायचं असतं. डीटीपी करणाऱ्यांना श्रीलिपीचा डोंगल माहीत असेल. ती तर अक्षरशः हातात धरता येणारी किल्ली.

हरवली तर फोटोही जातील अशी की

प्रॉडक्ट की हरवली तर पैसे जातात. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की हरवली तर डेटाच जातो. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीपासून बहुतेक नव्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटअप केला की ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट होते. अनेकांना याचा पत्ताही नसतो. पुढे मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये काही बदल झाला की स्क्रीनवर ४८ अंक मागितले जातात.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोलमडल्या. त्यातल्या अनेक सुरू करण्यासाठी हीच की लागत होती, आणि काही ठिकाणी ती बंद पडलेल्या सर्व्हरवरच ठेवलेली होती. मोठ्या कंपन्यांची ही गत, तर आपलं काय?

मग करायचं काय?

१. घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये एक पान वाढवा. सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती, खरेदीची तारीख, की आणि कोणत्या ईमेल आयडीवर ते नोंदवलंय, एवढं त्यावर लिहा. पासवर्ड या पानावर नको.

२. की हाताने लिहिताना इंग्रजी कॅपिटल अक्षरं वापरा आणि दोनदा ताडून बघा. विंडोजच्या कीमध्ये शून्य आणि ‘ओ’ दोन्ही नसतात, पण इंग्रजी आठचा आकडा आणि ‘बी’ यांची गल्लत सहज होते.

३. बिल, कार्ड, स्टिकर यांचा फोटो काढून स्वतःच्या क्लाउडवर ठेवा. फॅमिली ग्रुपवर टाकू नका. जुना लॅपटॉप ऑनलाइन विकताना त्याच्या पाठीचा फोटो देत असाल तर स्टिकर झाका.

४. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग ॲक्टिव्हेशन उघडा. डिजिटल लायसन्स तुमच्या अकाउंटशी जोडलेलं आहे की नाही, ते तिथे लिहिलेलं असतं.

५. मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर बिटलॉकरची रिकव्हरी की दिसते का बघा. दिसली तर प्रिंट काढून त्याच फाइलमध्ये ठेवा.

जबाबदारी फक्त ग्राहकाची नाही

‘सगळं क्लाउडवर असताना कागद कशाला?’ असं कुणी म्हणेल. क्लाउड सोयीचा आहेच. पण त्याचं दार पासवर्डने आणि ओटीपीने उघडतं, आणि घरात हे सगळं बहुतेक एकालाच माहीत असतं. तो परगावी गेला, आजारी पडला किंवा राहिला नाही, तर बाकीच्यांनी काय करायचं? तेव्हा कामी येतं ते कपाटातलं एक पान.

दुकानदारांनीही एक पथ्य पाळायला हवं. लायसन्स ओईएम आहे की रिटेल आणि ते कोणत्या ईमेल आयडीवर नोंदवलं, हे बिलावर लिहून द्यावं. दोन ओळींचं काम आहे. ग्राहकाने ते मागून घ्यायला संकोच करू नये. गाडी घेतल्यावर आरसी बुक आपण शोरूममध्ये सोडून येत नाही, मग सॉफ्टवेअरची की का सोडावी?

काही शे रुपयांत ऑनलाइन मिळणाऱ्या कीचा मोहही टाळा. अशा अनेक की मुळात कंपन्यांना किंवा संस्थांना दिलेल्या असतात आणि त्या कधीही बंद होऊ शकतात. जी की आपली नाहीच, ती कितीही जपली तरी उपयोग नाही.

कॉम्प्युटर नीट चालू आहे तोवरच हे सगळं करणं सोपं आहे. या रविवारी अर्धा तास काढा, ते पान लिहा आणि ते कुठे ठेवलंय हे घरात आणखी एकाला सांगून ठेवा.