दहा जण लागतात

कुठे काही वाईट घडलं की आपण काय करतो? स्टेटसला मेणबत्ती लावतो. फारच झालं तर क्वाड्रँगलमध्ये २ मिनिटं शांत उभे राहतो. त्यातही कुणाचा तरी मोबाईल वाजतो आणि मग सगळे मेसकडे वळतात. संपलं!

२७ ऑक्टोबर २०१८ ला, शनिवारी सकाळी, अमेरिकेत पिट्सबर्गच्या 'ट्री ऑफ लाईफ' सिनेगॉगमध्ये एका माणसाने गोळीबार केला. प्रार्थनेला आलेले ११ जण गेले. त्याच संध्याकाळी लोक जवळच्या चौकात जमले. बोलावलं कुणी? तिथल्या हायस्कूलच्या मुलांनी! शनिवार म्हणजे ज्यूंचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस. तो संपताना करतात ती 'हवदाला' प्रार्थना त्या रात्री रस्त्यावरच झाली.

त्यानंतरचं वाचताना मला जाणवलं, की या लोकांकडे दुःखाच्या वेळी प्रत्येकाला काहीतरी काम आहे. दफन होईपर्यंत मृताला एकटं ठेवायचं नाही, म्हणून स्वयंसेवक पाळीपाळीने सोबत बसतात. पिट्सबर्गमध्येही बसले. दफनानंतर घरचे ७ दिवस 'शिवा' पाळतात. (हिब्रूत शिवा म्हणजे सात.) ते बुटक्या स्टुलावर बसतात, आरसे झाकलेले असतात, जेवण शेजारचे आणतात. भेटायला आलेल्याने आधी बोलायचं नाही. घरचा माणूस बोलेपर्यंत नुसतं जवळ बसायचं.

आणि 'कद्दिश'. ही शोक करणाऱ्याने म्हणायची प्रार्थना, पण तिच्यात मृत्यूचा शब्दसुद्धा नाही. आहे ती फक्त देवाची स्तुती. परंपरेप्रमाणे ती एकट्याने म्हणता येत नाही, किमान १० जण लागतात. म्हणजे ज्याचं माणूस गेलं त्याला घराबाहेर पडावंच लागतं, आणि बाकीच्या नऊ जणांना यावंच लागतं! त्या आठवड्यात 'पिट्सबर्ग पोस्ट-गॅझेट'ने पहिल्या पानावर मथळा म्हणून कद्दिशचे सुरुवातीचे शब्द मूळ लिपीत छापले. जणू सगळं शहरच त्या दहांत सामील झालं.

जखमी आणि आजारी माणसांसाठी 'मी शेबेराख' ही वेगळी प्रार्थना आहे. तिच्यात आधी मन बरं होवो आणि मग शरीर, असं मागतात. हा क्रम मला फार आवडला.

आपले इंजिनिअर मित्र म्हणतील, "हे सगळं कर्मकांड आहे यार!" असेल. प्रार्थनेने गोळ्या थांबत नाहीत, हे त्या लोकांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण ज्याला काही सुचत नाही त्याला काय करायचं ते विधी सांगतो. आपल्याकडेही सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, पिठलं-भाकरी शेजारून येते. हॉस्टेलला येताना आपण नेमकं हेच घरी विसरून आलो.

गेल्या सेमला आमच्या विंगमधली एक मुलगी वडिलांचे दिवस करून परत आली. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला 'डीपेस्ट कंडोलन्सेस' छान लिहिता येतं. मी ते लिहून पाठवलं, पलीकडच्या रूममधून! नंतर भेटल्यावर बोलले ते सबमिशनबद्दल.

माझं म्हणणं एवढंच आहे. पुढच्या वेळी कुणावर अशी वेळ आली तर मेसेज नको. मेसमधून ताट घेऊन जाऊ या, आणि ती बोलेपर्यंत गप्प बसू या. एका विंगमध्ये दहा जण तर सहज निघतात ना?