नुसते उत्तर नको, रीत दाखवा!

गणिताच्या पेपरात नुसत्या उत्तराला पुरे गुण मिळत नाहीत. रीत दाखवावी लागते. उत्तर शेजाऱ्याच्या वहीतूनही मिळते, रीत मात्र ज्याची त्यालाच मांडावी लागते. शाळेत शिकलेली ही साधी शिस्त महाविद्यालयात आल्यावर आपण विसरतो की काय, अशी शंका येते.

आज अर्थशास्त्र, भूगोल, मानसशास्त्र या विषयांचा प्रकल्पही संगणकावाचून पुरा होत नाही. एका बाजूने आकडे घालायचे, दुसऱ्या बाजूने तक्ते नि आलेख काढून घ्यायचे. मध्ये काय घडले, ते विकतच्या बंद आज्ञावलीत पाहता येत नाही. ओपन सोर्स आज्ञावलीची मात्र प्रत्येक ओळ वाचता येते, तपासता येते, सुधारून दुसऱ्याला देता येते. ती बहुधा फुकट मिळते हा लाभ गौण. ती उघडी असते, हा खरा.

अर्थशास्त्रातलेच उदाहरण घ्या. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेले की वाढ खुंटते, असे राइनहार्ट आणि रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० साली मांडले. अशा देशांच्या वाढीची सरासरी त्यांनी उणे ०.१ टक्के दिली होती. खर्चकपातीचे पुरस्कर्ते तिचा हवाला देऊ लागले. पुढे थॉमस हर्नडन या अमेरिकन विद्यार्थ्याने त्यांच्याकडून मूळ तक्ता मिळवून पाहिला, तो सरासरी काढताना पाच देशांच्या ओळीच सुटलेल्या! ही चूक, वगळलेले काही आकडे आणि सरासरीची पद्धत यांची दुरुस्ती करून त्याने व त्याच्या दोन प्राध्यापकांनी २०१३ मध्ये २.२ टक्के हा आकडा काढला. लेखकद्वयाने ओळी सुटल्याचे मान्य केले, निष्कर्ष मात्र सोडला नाही. तो वाद तज्ज्ञांचा. तक्ता हाती आला म्हणूनच एका विद्यार्थ्याला चूक सापडली, एवढे आपण ध्यानात घ्यावे.

लवळ्याच्या आपल्या पुणे जिल्ह्यातच, जुन्नर तालुक्यात खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. आकाशातून येणाऱ्या क्षीण संकेतांत माणसाच्या यंत्रांचा गोंगाट मिसळतो. तो पाखडून काढल्याशिवाय चित्र उमटत नाही. पण खड्यांबरोबर दाणेही गेले तर? या पाखडणीपासून चित्रापर्यंतचे काम करणारी ‘कॅप्चर’ ही आज्ञावली पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील दोघा शास्त्रज्ञांनी २०२० साली सर्वांपुढे उघडी ठेवली. कोणता संकेत का टाकला, हे त्यामुळे कोणालाही तपासता येते.

‘हे विज्ञानवाल्यांचे, आपल्याला काय त्याचे?’ असे कलाशाखेचे मित्र म्हणतील. त्यांनी भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती उघडून पाहावी. १९१९ ते १९६६ एवढा काळ चाललेल्या त्या कामात सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी केवळ स्वीकारलेला पाठ छापला नाही, पानाखाली पाठभेदही दिले. आमचा निर्णय पटत नसेल तर हा घ्या पुरावा, तुम्हीच ठरवा, अशी ती वृत्ती. उघड्या आज्ञावलीमागे हीच वृत्ती आहे, आणि ती आपल्या घरची आहे.

अडचणी नाहीत असे नाही. अशा आज्ञावल्या पुष्कळदा मूठभर माणसे आपला वेळ मोडून सांभाळतात. शोधनिबंध लिहिला तर नाव होते; आज्ञावली नीट राखली, तिच्यातील दोष काढले, तर त्याची दखल क्वचितच घेतली जाते. शिवाय तिची माहितीपुस्तिका बहुधा इंग्रजीत, तीही जाणत्यांसाठीच लिहिलेली. नवख्याचे घोडे पहिल्याच पानावर अडते.

आपले काम नेमके इथे आहे. सोपे, नेमके मराठी लिहिणे हे कलाशाखेचे कसब. सांख्यिकीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘आर’ या खुल्या आज्ञावलीची मराठी पुस्तिका आपल्या विद्यार्थ्यांनी तयार करावी, आणि प्राध्यापकांनी ते लेखन प्रकल्प म्हणून स्वीकारावे. त्याचबरोबर, ज्या प्रकल्पात आकडेमोड आहे त्याला मूळ आकडे आणि गणिताच्या पायऱ्या जोडल्याखेरीज तो घेऊ नये. याला खर्च काहीच नाही. आपले काम दुसऱ्याने तपासावे, एवढे धैर्य मात्र हवे.