परतणे कोणत्या दिशेचे?

मराठीतील 'परतणे' या क्रियापदाला एक ठरलेली दिशा आहे. गुरे रानातून परततात, पाखरे सांजवेळी परततात, वारकरी पंढरीहून परततो. या सर्वांचे परतणे जिथे संपते ते ठिकाण घर असते. नोकरीसाठी आपली भाषा वेगळी क्रियापदे राखून ठेवते: माणूस कामावर रुजू होतो, हजर होतो. 'कामगार कामावर परतले' हा प्रयोग आपल्याकडे रूढ झाला तो मुख्यतः संपाच्या बातम्यांतून. तिथे परतणाऱ्याने आधी स्वतःहून काम सोडलेले असते.

गेल्या काही वर्षांत माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना 'कार्यालयात परत या' असे आदेश दिले. त्या आदेशांतील 'परत' हा शब्द आम्हांला खटकतो तो या कारणाने. या मंडळींनी संप केला नव्हता. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, कंपन्यांनीच त्यांना संगणक देऊन घरी पाठवले आणि काम एक दिवसही न थांबता चालू राहिले. तरीही बोलावणे आले ते जणू काही काळ काम टाकून गेलेल्यांना यावे तसे. प्रस्तुत टिपणात या आदेशांचा आणि त्यांवरील प्रतिक्रियांचा विचार आम्ही सोलापुरातून करीत आहोत. हे शहर या प्रश्नापासून वाटते तितके दूर नाही.

आधी घटनाक्रम पाहू. मुंबईत मुख्यालय असलेल्या आणि सहा लाखांच्या आसपास मनुष्यबळ असलेल्या टीसीएसने 2020 मध्ये एक संकल्प जाहीर केला होता: 2025 पर्यंत कोणत्याही वेळी केवळ 25 टक्के कर्मचाऱ्यांनीच कार्यालयात असणे पुरेसे ठरेल. त्याच कंपनीने 1 ऑक्टोबर 2023 पासून आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येणे बंधनकारक केले. पुढे 2024 च्या एप्रिलमध्ये वेतनाचा बदलता भाग हजेरीला जोडला गेला. तिमाहीतील हजेरी 60 टक्क्यांहून कमी असेल तर तो भाग मिळणार नाही. 60 ते 75 टक्के असेल तर निम्मा, 75 ते 85 असेल तर पाऊण, आणि 85 च्या वर असेल तरच पूर्ण. विप्रोने 2023 च्या नोव्हेंबरपासून आठवड्यातून तीन दिवसांची सक्ती केली. ॲमेझॉनसारख्या जागतिक कंपनीने 2 जानेवारी 2025 पासून पाच दिवसांचा आठवडा पुन्हा लागू केला. म्हणजे ही एखाद्या कंपनीची लहर नाही; तो काळाचा कल आहे.

सोलापुरापासून पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर. या क्षेत्रातील रोजगार सोलापुरात नगण्य असल्याने इथला संगणक शिकलेला मुलगा किंवा मुलगी हिंजवडीला जाते आणि शनिवार-रविवारी जमेल तेव्हा घरी येते. सकाळी सोलापूर सोडून रात्री परत येणारी हुतात्मा एक्सप्रेस या येण्याजाण्याची जुनी साक्षीदार आहे. परंतु रोजची नोकरी त्या गाडीने होत नाही. एका बाजूचेच चार तास जातात. 2020 ते 2023 या काळात ही पिढी प्रथमच शिक्षण आणि वेतन दोन्ही घेऊन सोलापुरात राहिली. भाडे वाचले, आईवडिलांच्या औषधपाण्याकडे पाहता आले, आणि पुण्यात खर्च होणारा पैसा इथल्या बाजारात फिरला. ज्या शहराला आपली शिकलेली मुले बाहेर पाठवण्याची सवय जडली आहे, त्याला ही तीन वर्षे अपवादासारखी लाभली. म्हणून आदेश आला तेव्हा इथे त्याचा अर्थ 'घर सोडा' असाच झाला.

प्रतिक्रिया मात्र एकसुरी नव्हत्या, आणि त्या तशा दाखवणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमच्या परिचयातील काही तरुणांना आदेशाचा आनंद झाला. दोन खोल्यांच्या घरात, दूरदर्शन संचाच्या आवाजात आणि पाहुण्यांच्या वर्दळीत काम करून ते कंटाळले होते. नव्याने रुजू झालेल्यांना अनुभवी सहकाऱ्याशेजारी बसून शिकायचे होते, कारण पडद्यावर प्रश्न विचारायला धीर लागतो. दुसरीकडे काहींनी मुकाट्याने पुण्यात खोली घेतली, काहींनी नोकरी बदलली, काहींनी सोडली. सोडणाऱ्यांत स्त्रिया ठळकपणे दिसल्या. हे केवळ आमचे निरीक्षण नाही. 2022-23 च्या टीसीएसच्या वार्षिक अहवालात कंपनीचे तत्कालीन मनुष्यबळप्रमुख मिलिंद लक्कड यांनीच नमूद केले होते की नोकरी सोडण्याचे प्रमाण एरवी स्त्रियांत पुरुषांइतके किंवा त्याहून कमी असे, त्या वर्षी ते वाढले. आणि साथीच्या काळात घरून काम करताना काहींच्या घरची घडी नव्याने बसली, हे त्याचे एक कारण असू शकते.

सोलापूरला या वादात बोलण्याचा अधिकार आहे, कारण कामाच्या जागेचे दोन्ही प्रकार या शहराने दीर्घकाळ भोगले आहेत. 1877 मध्ये सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे लोकांच्या तोंडची 'जुनी मिल', आणि तिच्यामागून आलेल्या इतर गिरण्या यांनी शहराचा दिवस भोंग्यावर बांधला. साचा गिरणीत, म्हणून माणूस गिरणीत. ब्रिटिश इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी 1967 मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले आहे की कारखान्याने माणसाला कामाइतकेच घड्याळही शिकवले. आमच्या शहराने ते 'पाळी', 'तिकीट' आणि 'खाडा' या शब्दांतून शिकून घेतले. खाडा म्हणजे गैरहजेरीचा दिवस, पण त्या उच्चारातच कापलेल्या मजुरीचा ठसका आहे. 'हजेरी' या शब्दाची इथली आठवण तर त्याहून कडवट आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापुरात सेटलमेंट उभी राहिली. तिच्या तारेच्या कुंपणाआडची माणसे गिरण्यांत राबत आणि त्यांना सक्तीची हजेरी द्यावी लागे. 1952 मध्ये तो कायदा रद्द झाला. वातानुकूलित कचेरीतील अभियंत्याची त्या माणसांशी तुलना करणे अश्लाघ्य ठरेल, आणि ती आम्ही करीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की काम मोजणे आणि माणूस मोजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांतील अंतर हा शब्द विसरू देत नाही. 'हजेरी घेणे' याचा दुसरा अर्थ खरडपट्टी काढणे असा आहे, तो उगाच नव्हे.

गिरण्या गेल्या. मात्र घरून काम हा प्रकार सोलापूरला 2020 मध्ये प्रथम कळला, असे कोणी समजू नये. इथल्या हजारो विडी कामगार स्त्रिया कित्येक दशके घरूनच काम करीत आहेत. कारखान्याच्या शाखेतून तेंदूची पाने आणि तंबाखू आणायचा, घरी पाने भिजवायची, कापायची, विड्या वळायच्या आणि हजाराच्या हिशेबाने मोजून द्यायच्या. सदोष म्हणून बाजूला काढलेल्या 'छाट' विड्यांचे श्रम पाण्यात जातात. इथे मालकाला कामगार कुठे बसते याची फिकीर नाही. जागा तिची, दिवा तिचा, तंबाखूची धूळ तिच्या आणि तिच्या लेकरांच्या छातीत. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणारीलाही कामगार मानले, आणि 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. तरी कायद्यातले हक्क पदरात पडायला संघटनेची वाट चालावी लागली. कुंभारीच्या माळावर 2006 मध्ये या स्त्रियांना दहा हजार घरे मिळाली, ती माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील दीर्घ लढ्यामुळे. त्या घरांच्या उंबऱ्याच्या आतच कारखाना आहे, हे पाहिले की 'घरून काम म्हणजे स्वातंत्र्य' हे सूत्र टिकत नाही.

गिरणी आणि विडी या दोन अनुभवांना शेजारी ठेवल्यावर आम्हांला वादाचा गाभा दिसतो. गिरणीने माणूस आत बोलावला तो यंत्राच्या गरजेने. विडीमालकाने तिला घरी ठेवले ते खर्च वाचवण्यासाठी. दोन्ही वेळी जागा ठरवणारा एकच पक्ष होता, आणि त्याची गरज बदलली की जागाही बदलली. आजच्या अभियंत्याच्या वाट्याला अल्पावधीत दोन्ही आले: साथीच्या काळात त्याच्या घराचे कार्यालय झाले आणि वीज, खुर्ची, खोली त्याची वापरली गेली, साथ ओसरल्यावर त्या घराची किंमत शून्य धरून त्याला बोलावण्यात आले. रोष आहे तो या एकतर्फीपणाबद्दल. कार्यालयाच्या इमारतीशी कोणाचे वैर नाही.

कंपन्यांच्या बाजूने जे सांगितले जाते त्यात तथ्य नाही असे नाही. सहवासातून शिकणे, संस्थेविषयी आपुलकी, ग्राहकाच्या माहितीची सुरक्षितता ही खरी कारणे आहेत. पण कारण खरे असेल तर ते कामाच्या स्वरूपानुसार बदलायला हवे. सर्वांना एकच टक्केवारी लावली की कारण मागे पडते आणि हजेरी उरते. 2024 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात चीनमधील ट्रिप डॉट कॉम या कंपनीतील 1,612 कर्मचाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या कामगिरीत घट दिसली नाही आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याने घटले. हा लाभ स्त्रियांत आणि लांबून येणाऱ्यांत विशेष दिसला. एका कंपनीच्या प्रयोगावरून जगाचा नियम निघत नाही हे मान्य. तथापि 'घरी माणूस काम करीत नाही' या ठाम समजुतीला तो पुरेसा धक्का देतो.

हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्या-शिक्षकांपुढे मांडण्याचे कारण आम्हां सर्वांच्या वर्गात आहे. 75 टक्के हजेरीची अट आपण रोज राबवतो. 2020-21 च्या ऑनलाइन तासांनी आपल्याला दाखवून दिले की पडद्यावर नाव उपस्थित असते आणि माणूस नसतो. आणि पूर्वीच्या भरल्या वर्गातही तसेच काही घडत होते, हे त्यातूनच उमगले. तरीही समोरासमोरच्या अध्यापनाचे मोल आपण सोडत नाही, सोडूही नये. मग त्या मोलाची खात्री तासाच्या गुणवत्तेने पटवायची की हजेरीपटाने, हा प्रश्न शिक्षकाला जितका लागू, तितकाच व्यवस्थापकाला.

आमची भूमिका अशी. कामाची जागा ही वेतनाइतकीच सेवाशर्तीचा भाग मानली जावी आणि ती उभय पक्षांच्या संमतीने ठरावी. 2020 च्या अखेरीस केंद्र सरकारने सेवाक्षेत्रासाठी प्रसिद्ध केलेल्या आदर्श स्थायी आदेशांच्या मसुद्यात घरून कामाचा उल्लेख कराराच्या चौकटीतच होता. ती दिशा योग्य होती. दिलेला शब्द फिरवायचा असेल तर पुरेशी मुदत आणि स्थलांतराचा खर्च द्यावा. आणि हजेरीवरून वेतन कापण्याआधी त्या तिमाहीत काम झाले की नाही, हे पाहावे. विडी कामगार स्त्रियांनी हे सारे संघटनेच्या बळावर थोडेथोडे मिळवले. त्यांच्याच शहरातून हिंजवडीला जाणाऱ्या सुशिक्षित पिढीने मात्र प्रत्येकाने एकेकट्याने राजीनामा लिहून किंवा एकेकट्याने खोली भाड्याने घेऊन हा प्रश्न सोडवला, याचे आम्हांला वाईट वाटते. आपल्या आई-आज्यांकडून त्यांनी एवढे तरी शिकायला हरकत नाही.