राजासॉरसची कवटी

राजासॉरस नर्मदेन्सिस या मांसभक्षी डायनासोरची अखंड कवटी पाहायला मिळते ती प्रतिकृतीच्या रूपात, आणि तिचा बराच भाग घडवलेला आहे. गुजरातमधल्या रहियोलीजवळ १९८०च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला मेंदूभोवतालची हाडं, मणके, कंबर आणि मागचे पाय मिळाले. नाव पडलं २००३ साली. उरलेला चेहरा मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेतल्या नातलगांवरून भरला गेला. सुतार जुन्या चौकटीला नवं लाकूड लावताना सांधा लपवतो. प्रतिकृतीत तो उघड दिसलेलाच बरा.

खरं नवल माथ्यावर आहे. नाकाचं आणि कपाळाचं हाड मिळून तिथे एकच बुटकं, गोलसर शिंग तयार झालं आहे. भोसकण्यासाठी ते फारच आखूड. स्वजातीयांना मिरवून दाखवणं किंवा डोक्याने ढुशी देणं, हे दोन तर्क मांडले जातात. राजासॉरसच्या कुळात मुस्कट आखूड आणि उंच, हाडांचा पृष्ठभाग खडबडीत आणि हात अगदीच खुरटे असतात.

ही हाडं ज्या लमेटा थरांत सापडली, ते दख्खनच्या काळ्या कातळाखाली विदर्भातही आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला याच थरांत शाकाहारी इसिसॉरस मिळाला. १९९७ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, तेव्हा सांगाड्याला कवटीच नव्हती.